फ्रायव्हील काढून टाकल्यावर

"काहून काढता फ्रायव्हील? पायाले आराम कसा भेटन मंग?"

वर्ध्यात ज्या मिस्त्रींकडे ही सायकल बांधली, त्यांचा हा पहिला प्रश्न. प्रश्न रास्त होता. फ्रायव्हील म्हणजे मागच्या चाकाची ती कुत्र्या-दात्यांची चक्री, जिच्यामुळे पायडल थांबलं तरी चाक टक्‌टक्‌ करत पुढे पळतं. मला तीच नको होती. दातेरी चक्री थेट हबला जखडलेली हवी होती. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार, पाय मागे रेटले की चाक मंदावणार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक सायकली अशाच होत्या. पुण्याच्या बालेवाडीतल्या व्हेलोड्रोमसारख्या ट्रॅकवर शर्यतीच्या सायकली आजही अशाच पळतात, त्याही बिनब्रेकच्या. मला मात्र शर्यत करायची नव्हती, रोज वर्धा ते सेवाग्राम जायचं होतं. आठ किलोमीटर, जवळजवळ सपाट, मध्ये रेल्वे पुलाचा एकच चढ.

सांगाडा भंगारातून निवडला: काळी, उभ्या हॅण्डलची, दुधवाल्यांकडे असते तशी सायकल. स्वस्त होती हे खरंच, पण खरं कारण मागच्या चिमट्यात आहे. त्याची खाच मागच्या बाजूला उघडी असते, म्हणजे चाक मागे ओढून चेन ताणता येते. गिअरच्या नव्या सायकलींत खाच बहुधा उभी असते. तिथे चेनचा ढिलेपणा गिअरचा स्प्रिंगवाला हात सांभाळतो. तो काढला तर चेन ताणायला जागाच उरत नाही. वीसेक किलोचं हे जुनं धूड या कामाला अगदी तयार निघालं. चेनसुद्धा तीच, अर्धा इंच पिचची, जाडजूड.

मिस्त्रींनी आधी सोपा उपाय सुचवला. फ्रायव्हीलला वेल्डिंग मारायचं, दोन टाके, विषय संपला. करणारे करतातही. पण फ्रायव्हील हबवर आट्यांनी बसते आणि पाय पुढे मारले की घट्ट होत जाते. पाय मागे रेटले की तेच आटे सुटायला लागतात. म्हणजे थांबायची वेळ येईल नेमकी तेव्हाच चक्री हातावर तुरी देणार. म्हणून खास हब कुरिअरनं मागवला. त्यावर चक्रीचे आटे सुलटे आणि तिच्या बाहेरून बसणाऱ्या लॉकरिंगचे उलटे असतात. चक्री सुटायला निघाली की रिंग आणखी आवळते. मिस्त्रींनी रिंग बोटांनी दोनदा फिरवून पाहिली आणि म्हणाले, "हे तं डाव्या पायडलवानी झालं." डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे त्यांच्या हातांना इतकं पाठ, की पुढचं सगळं त्यांनीच मला समजावून सांगितलं.

अडचण वेगळीच निघाली. काळ्या सायकलच्या मागच्या रिमला भोकं 40, नव्या हबला 36. तारा मोजल्या, पुन्हा मोजल्या. गणित काही बदलेना. शेवटी मागे 36 भोकांची ॲल्युमिनियमची रिम घेतली, पुढचं जुनं चाक तसंच ठेवलं. नवी रिम किंचित लहान, त्यामुळे मागच्या ब्रेकच्या गिट्ट्या तिच्यापर्यंत पोचेनात. मागचा ब्रेक गेला, तिथे माझे पाय आले. पुढचा ब्रेक मात्र मी हट्टानं ठेवला, नव्या गिट्ट्या घालून. शहरात बिनब्रेकची सायकल चालवणं याला मी शौर्य मानत नाही.

मग दात्यांचा हिशोब. पुढची चक्री 48 दात्यांची. मागे 16 लावली तर पुलावर गुडघे बोलतील. 18 लावली तर पायडलच्या एका फेरीत पावणेसहा मीटर. बरं वाटलं, पण कागदावर एक खोट दिसली. 48 ला 18 म्हणजे 8 ला 3. पाय रोखून मागचं चाक घासत थांबवलं की टायर फिरून फिरून त्याच तीन जागी झिजणार. 19 चा 48 शी काही संबंध नाही, त्यामुळे झीज एकोणीस जागी वाटली जाते. 19 लावली. एका फेरीला जवळपास साडेपाच मीटर, सेवाग्रामपर्यंत साधारण 1,470 फेऱ्या. त्यातली एकही माफ नाही.

चेन ताणायला निम्मा दिवस गेला. चक्री अगदी गोल कधीच नसते. फिरवत फिरवत जिथे चेन सर्वांत आवळते ती जागा शोधायची आणि तिथे अर्धा इंच झोल ठेवायचा. फार आवळली तर छर्रे रडतात. ढिली राहिली आणि उतरली तर चाक जागीच अडकू शकतं. कॉटर पिनाही हातोडीनं ठोकून, तीसेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळाव्या लागल्या, कारण आता क्रँकवर जोर दोन्ही बाजूंनी येतो. पँटच्या पायाला क्लिप लावायची जुन्या कारकुनांची सवय मी त्याच आठवड्यात उचलली. इथे कापड चेनमध्ये गेलं तर पाय थांबवून सोडवता येत नाही.

पहिली फेरी मिस्त्रींनीच मारली. कोपऱ्यावर सवयीनं पाय थांबवले आणि सायकलनं त्यांना सीटवरून उचललं. "फेकतच होती मले!" दुसऱ्या फेरीत ते हसत आले.

सेवाग्रामला पोचल्यावर मला चरखा आठवला, तो मात्र निव्वळ तिथे होतो म्हणून नव्हे. 1936 मध्ये गांधीजी या गावी राहायला आले तेव्हापासून इथे चरखा फिरतोय, आणि त्यालाही फ्रायव्हील नाही. सूत काढून झालं की चाक जरासं उलटं फिरवतात, चातीच्या टोकावरचे वेढे सुटतात, मग सुलट फिरवून सूत गुंडाळतात. चाक हाताचं दोन्ही दिशांनी ऐकतं. माझे पाय आता तेच शिकताहेत. समोर गाय दिसली की ब्रेकच्या आधी मांड्या आवळतात. दूरवरचा सिग्नल लाल दिसला की वेग आपोआप उतरतो. उतारावर मात्र पाय पिंजून निघतात. पुलावरून खाली येताना मी ब्रेक दाबतो आणि लाजत नाही.

बाभळीचा काटा गेला की खरी परीक्षा. चाक काढायचं तर दोन्ही नट सोडा, पंक्चर काढा, मग चेनचा तो अर्धा इंच पुन्हा जुळवा. पाना आता सीटखाली बांधलेलाच असतो.

जुनी फ्रायव्हील मिस्त्रींनी फेकली नाही. रॉकेलनं धुतली, तेल सोडलं आणि तारेत ओवून भिंतीवर लटकवली. परवा हवा भरायला गेलो तर तिच्याकडे हनुवटीनं खूण करून म्हणाले, "मे महिना येऊ द्या."