जळगावचे स्फटिक, खदानीतली धूळ

परदेशी संग्राहकांच्या काचेच्या कपाटात हिरवट ॲपोफिलाइटखाली, फिकट गुलाबी स्टिल्बाइटखाली चिठ्ठी असते: जळगाव, महाराष्ट्र. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. खडकात झिरपणाऱ्या गरम पाण्यातून त्या पोकळ्यांत हे स्फटिक वाढले.

त्यांच्यासाठी सहसा वेगळी खाण नसते. विहीर खोदताना किंवा खडीच्या खदानीत सुरुंग उडाला की एखादी पोकळी उघडी पडते. मग मशीन थांबतं आणि छिन्नी-हातोडी निघते. जरा धक्का बसला की स्फटिकाचं टोक उडतं आणि किंमत मातीमोल होते. म्हणून कामगार सुरुंगाने खिळखिळ्या झालेल्या दरडीखाली बसून, हात पोकळीत घालून, हळूहळू दगड सुटा करतो. नाकाला रुमाल बांधलेला असतो.

त्या रुमालाचा उपयोग फारसा नाही. केसाची जाडी साधारण 70 मायक्रॉन. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणारे कण 5 मायक्रॉनहून बारीक. सिलिकाचा असा कण गिळणारी संरक्षक पेशी स्वतःच मरते, तिथे व्रण धरतो आणि फुप्फुस कडक होत जातं. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही, काम सोडल्यावरही वाढू शकतो.

धुळे-जळगावच्या काळ्या दगडात जवळपास निम्मी सिलिका असली, तरी बहुतेक फेल्डस्पार आणि पायरोक्सिन या खनिजांमध्ये बांधलेली असते. त्यामुळे वालुकाश्माच्या मानाने त्याची धूळ कमी घातक. पण एवढ्यावर निर्धास्त राहणं मला मान्य नाही. स्फटिकांच्या पोकळ्यांना अस्तर असतं ते बहुधा गारगोटीचं, अकीकाचं, म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिकाचं. दख्खनच्या लाव्हातलाच अकीक घासणाऱ्या खंभातच्या कारागिरांमध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेला सिलिकोसिस आढळला आहे.

ड्रिल करताना पाणी सोडलं तर बरीच धूळ जागीच बसते. कायद्याने सिलिकोसिसची नोंद सक्तीची आहे, ठरावीक काळाने आरोग्य तपासणीही. पण मुकादमाबरोबर खदानी बदलत फिरणाऱ्या माणसाची तपासणी कोण करणार? खोकला, धाप, घटलेलं वजन ही लक्षणं क्षयासारखी. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षय लवकर गाठतो. थुंकीत जंतू नसतानाही क्षयाची औषधं पुन्हा सुरू करण्याआधी दवाखान्यात विचारायला हवं: किती वर्षं दगड फोडलात?