वही उघडा, टनेज वाढवा



१९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने सुमारे १५० गावांत शेतकरी मंडळे चालवली. कार्यक्रम ऐकायचा, मग आपसांत चर्चा करायची. ती रीत आजही उपयोगी आहे.

ऊस हा आपला धंदाच. दहा-बारा बागायतदारांनी महिन्यातून एकदा एकाच्या फडात जमावे. प्रत्येकाने वही आणावी: बेणे, खते, पाणी, मजुरी, एकरी टन. आकडा खरा सांगावा. फुगवलेल्या टनेजने शेजारी फसतो अन् आपलीही चूक झाकून राहते.

एकाने खोडव्याचे पाचट जाळले, दुसऱ्याने सरीत कुजवले. दोन्ही वह्या शेजारी ठेवा, पाणी कुठे वाचले ते कळेल.

अडचण सांगणाऱ्याला कुणी हसू नये. मात्र ठरले ते केले का, हे पुढल्या बैठकीत जरूर विचारावे.

– ऊस विकास अधिकारी