नाव दिलं की खेळायचं

पुण्यातल्या जुन्या कॉलेजांच्या जिमखान्यात ढाली-करंडकांची काचेची कपाटं असतात. आंतरमहाविद्यालयीन, आंतरविभागीय, आंतरविद्यापीठ अशा पायऱ्या चढत ज्यांनी नाव काढलं, त्यांच्या त्या खुणा. पण त्याच जिमखाना फीच्या पैशातून दरवर्षी गॅदरिंगच्या आगेमागे ज्या आंतरवर्गीय स्पर्धा होत आल्या, त्यांचा मागमूस तिथे सहसा सापडत नाही. एस.वाय. बी.कॉम.च्या कोणत्या तुकडीने कोणत्या साली रस्सीखेच जिंकली, हे सांगणारा फलक मी तरी पाहिलेला नाही. आणि तरीही पदवीच्या वर्षांत बहुतेक मुलामुलींचा खेळाशी जो काही संबंध आला, तो या स्पर्धांमुळेच आला.

या शहराने हौशी खेळाला फार लवकर घर दिलं. डेक्कन जिमखाना १९०६ सालचा. खो-खोचे नियम तिथे १९१४ मध्ये बांधले गेले. १९१९ मध्ये जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत शेतकरी कुटुंबांतली मुलं अनवाणी धावत होती. त्यांची धाव पाहून अध्यक्ष दोराबजी टाटांच्या मनात ऑलिंपिकचा विचार आला आणि १९२० साली अँटवर्पला भारतीय खेळाडू गेले. त्याच काळात एस.पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे दि. ब. देवधर क्रिकेटचं मैदान गाजवत होते. १९२६ मध्ये त्यांनी गिलिगनच्या इंग्लिश एम.सी.सी. संघाविरुद्ध १४८ धावा काढल्या. वर्गात शिकवणारा माणूस मैदानावरही तितक्याच गांभीर्याने उतरतो, हे पाहत इथल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडल्या.

१९४९ साली पुणे विद्यापीठ झालं आणि खेळाची उतरंड पक्की झाली. उतरंडीला चाळणी आलीच. कॉलेजच्या संघात यायचं तर निवड चाचणी. अकरा-बारा जणांत नाव लागलं नाही की वर्षभर प्रेक्षक. वर्गाच्या संघाला मात्र चाचणी नसायची. वर्गाने यादी द्यायची, त्यात नाव असलं की खेळायचं.

नाव लिहून घेण्याला किती मोल असतं, याची सर्वांत मोठी साक्ष कोल्हापूरची आहे. राजाराम कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत उतरू द्यावं म्हणून खाशाबा जाधव क्रीडाशिक्षकांकडे गेले, तेव्हा त्यांना नकार मिळाला. ते थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी कुस्त्या मारल्या. पुढे हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा याच प्राचार्यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ मध्ये खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं क्रीडा संकुल त्यांच्या नावाने ओळखलं जातं. तिथे खेळणाऱ्या प्रत्येकाला नकाराचा हा किस्सा माहीत असायला हवा.

मी कॉलेजात होतो ती नव्वदीची वर्षं. डिसेंबर संपता संपता जिमखान्याच्या फळ्यावर नोटीस लागायची आणि वर्गप्रतिनिधी वहीचं पान फाडून यादी करायला बसायचा. टेनिस बॉलचं क्रिकेट, व्हॉलीबॉल, कबड्डी, बुद्धिबळ, कॅरम आणि शेवटी रस्सीखेच. क्रिकेटला गर्दी, कबड्डीला विनवण्या. सातवा गडी मिळेना म्हणून शेवटच्या बाकावरचा एखादा अबोल मुलगा ओढून आणला जायचा, आणि त्याने गावाकडे कबड्डी खेळलेली असायची. चढाईला जाऊन तो दोघांना बाद करून परतला की वर्गाला त्याचं नाव प्रथमच नीट कळायचं. हॉस्टेलची आणि शहरातली मुलं एका बाकावर बसूनही वर्षभर वेगळी राहायची. त्यांची दोस्ती खरी जमली ती या आठवड्यात. भांडणंही व्हायची, धावबादवरून तर फारच, पण पंच म्हणून उभ्या केलेल्या वरच्या वर्गातल्या मुलाचा शब्द अखेर मानला जायचा.

मुलींच्या वाट्याला तेव्हा मैदान उरलंसुरलं यायचं. रस्सीखेच, थ्रोबॉल, फार तर टेबल टेनिस, आणि तेही मुलांचे सामने आटोपल्यावर. हे चुकीचं होतं. पुढे मुलींचं क्रिकेट आणि फुटबॉल आंतरवर्गीय यादीत येत गेलं, हा या सगळ्या काळातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा बदल आहे.

नव्वदीच्याच दशकात कॉलेजांतल्या प्रत्यक्ष निवडणुका बंद झाल्या. निवडणुकांत मारामाऱ्या होत, हे खरंच आहे. पण मतं मागून निवडून आलेल्या जिमखाना सेक्रेटरीला वर्गावर्गात फिरून संघ उभे करावेच लागत. तो गेल्यावर नोटीस लागत राहिली, पण फिरणारा माणूस राहिला नाही. दुसरीकडे, १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळत गेली आणि पुण्याच्या चारही बाजूंना इमारती उठल्या. अनेक ठिकाणी इमारत आली, मैदान मात्र राहूनच गेलं. मग सत्र पद्धत आली, जानेवारी-फेब्रुवारीतला मोकळा पट्टा चाचण्यांनी भरला. २०२० च्या मार्चमध्ये कोविडने सगळंच थांबवलं. आता मुलं वर्गणी काढून बाणेर-वाकडकडे तासावर टर्फ घेतात आणि रात्री दिव्यांच्या उजेडात खेळतात. त्यांचा उत्साह पाहून बरं वाटतं. पण वर्गणी परवडत नाही तो मुलगा तिथे येत नाही, आणि आलेला नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

टिकलेली परंपरा पाहायची असेल तर सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या नदीकाठच्या बोट क्लबवर जावं. १९२८ सालचा हा क्लब विद्यार्थी चालवतात. दरवर्षी होणाऱ्या रेगाटा या नौकानयन सोहळ्यात कयाकचं बॅले, पंटच्या रचना आणि शेवटी बाणाच्या आकारात येणाऱ्या नावा पाहायला सारं शहर काठावर जमतं. जलपर्णीने आणि घाणीने नदीची जी दशा केली आहे, तिच्यातूनही हे चाललं आहे. मला वाटतं, याचं कारण एकच: वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना शिकवतात आणि हे आपलं काम आहे असं मानतात.

नव्या शैक्षणिक धोरणात खेळाला सह-अभ्यासक्रम म्हणून श्रेयांक मिळू लागले आहेत. स्वागतच आहे. पण श्रेयांकासाठी हजेरी लावणं आणि वर्गासाठी दोर ओढणं यांत फरक राहणार.

प्राचार्यांना आणि क्रीडा संचालकांना माझी विनंती साधी आहे. वर्षातला एक आठवडा आंतरवर्गीय स्पर्धांसाठी वेळापत्रकात आधीच राखून ठेवा. त्या आठवड्यात मैदान कुणालाही भाड्याने देऊ नका. मैदान नसेल तर टर्फचं भाडं जिमखाना फीतून भरा, ती फी त्यासाठीच घेतलेली असते. मुलींचे सामने सकाळच्या चांगल्या वेळेला लावा. कॉलेजच्या संघात असलेले खेळाडू प्रत्येक वर्गाला दोनच घेऊ द्या. आणि एखादा मुलगा किंवा मुलगी यादी बंद झाल्यावर आली, तरी नाव लिहून घ्या.