पदपथावरील मोटार आणि नुकसानीचे दायित्व

तालुक्याच्या एका गावी भरलेल्या शिक्षकांच्या सभेत प्रस्तुत लेखकापुढे एक प्रश्न आला. शाळा सुटल्यावर मुलांची रांग पदपथावरून निघाली असता वाटेत एक मोटार उभी होती. एका अंगास भिंत, दुसऱ्या अंगास भरधाव ट्रक. मुले भिंत व मोटार यांमधील चिंचोळ्या फटीतून गेली आणि कोणाच्या तरी दप्तराच्या बकलाने दारावर लांबलचक ओरखडा उमटला. मालकाने मुख्याध्यापकांकडे रंगकामाचा खर्च मागितला. मुख्याध्यापकांनी उलट विचारले, "मोटार तेथे आलीच कशी?" प्रश्न रास्त होता, परंतु तेवढ्याने वादाचा निकाल लागत नाही.

पदपथ चालणाऱ्यांसाठी आहे, याविषयी कायद्यात संदिग्धता नाही. मोटार वाहने (चालन) विनियम, २०१७ अन्वये पदपथावर वाहन उभे करण्यास मनाई आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १७७ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा नियमभंगासाठी पहिल्या खेपेस पाचशे रुपयांपर्यंत व पुढील प्रत्येक खेपेस दीड हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तर निर्वेध पदपथाचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे म्हटले.

तथापि मालकाने नियम मोडला म्हणून त्याची मोटार बेवारस होत नाही. हा मुद्दा नीट ध्यानी घेतला पाहिजे, कारण संतापाच्या भरात किल्लीने रेघ ओढणारे किंवा चाकाची हवा सोडणारे सज्जन आपल्या शहरांत थोडे नाहीत. मोटार चुकीच्या जागी असली तरी बुद्ध्या केलेली नासधूस ही 'आगळीक' ठरते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये हा अपराध सांगितला आहे. नुकसान वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक, परंतु एक लाखाहून कमी असल्यास दोन वर्षांपर्यंत आणि एक लाख वा त्याहून अधिक असल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. १८६० च्या दंड संहितेत दोन वर्षांच्या शिक्षेची ही मर्यादा पन्नास रुपयांपासून सुरू होत असे. आजच्या दरात त्या रकमेत रंगाचा डबाही येणार नाही.

आगळीक सिद्ध होण्यास मात्र नुकसान करण्याचा उद्देश, किंवा आपल्या कृतीने नुकसान होण्याचा संभव आहे ही जाणीव, असावी लागते. वाट काढताना अनवधानाने लागलेला धक्का हा गुन्हा नव्हे. अग्निशामक दलाच्या जवानांनी आगीकडे पोहोचण्यासाठी, गुन्ह्याचा हेतू न ठेवता, आड आलेली मोटार ढकलली व तिला पोचा आला, तर संहितेचे कलम १९ त्यांना संरक्षण देते. बालकांविषयीची तरतूद शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावी. सात वर्षांखालील बालकाची कोणतीही कृती अपराध ठरत नाही आणि सात ते बारा वर्षांच्या बालकाबाबत त्याला कृतीचा अर्थ कळण्याइतकी समज होती काय, हे पाहिले जाते.

राहिला दिवाणी दायित्वाचा प्रश्न, आणि खरी गुंतागुंत येथेच आहे. भरपाई मागणाऱ्याने समोरच्याची हयगय सिद्ध करावयाची असते. या बाबतीत इंग्लंडमधील १८४२ सालचा एक खटला अद्याप वकिलांच्या तोंडी असतो. एका मनुष्याने आपल्या गाढवाचे पुढचे पाय बांधून त्याला हमरस्त्यावर चरावयास सोडले होते. उतारावरून वेगाने आलेल्या तीन घोड्यांच्या गाड्याने त्याला धडक दिली व ते मेले. गाढव तेथे सोडणे चूक असले तरी बेताने हाकून धडक टाळता आली असती, म्हणून गाडीवाल्याच्या बाजूस भरपाईची जबाबदारी आली. याउलट १८०९ च्या एका खटल्यात रस्त्यात आडवा वासा ठेवणारा सुटला होता, कारण घोडेस्वाराने स्वतःच बेफाम घोडा फेकला होता. आज आपल्याकडील न्यायालये असा एकतर्फी निवाडा सहसा करीत नाहीत. दोन्ही बाजूंच्या हयगयीचे प्रमाण ठरवून त्या मानाने भरपाई कमी केली जाते.

शाळेच्या उदाहरणास हे लावून पाहू. मुलाकडून अपेक्षित सावधगिरी त्याच्या वयास शोभेल एवढीच असते. केवळ जन्मदाते म्हणून पालकांवर दायित्व येत नाही. शिक्षकांवरही ते येते ते देखरेखीत वाजवी काळजी घेतली नसेल तरच. ओरखडा नेमका कोणाच्या दप्तराने उमटला हेही मालकाने दाखवावयाचे. मुले रांगेत होती, शिक्षक सोबत होते आणि अन्य सुरक्षित वाट मोटारीनेच अडविली होती, एवढे स्पष्ट झाल्यास मालकाच्या पदरी फारसे काही पडेल असे वाटत नाही. हीच मुले मोटारीच्या टपावर चढून खेळत असती आणि शिक्षक बघत उभे असते, तर गोष्ट वेगळी.

धडक दुसऱ्या मोटारीची असेल तर धडक देणाऱ्याच्या अनिवार्य विम्यातून, मर्यादेत, मालमत्तेची भरपाई मिळू शकते व मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. पादचाऱ्यापाशी असा विमा नसतो.

अडलेल्या नागरिकाने काय करावे? वाहनाचा क्रमांक दिसेल असे छायाचित्र काढून वाहतूक पोलिसांस कळवावे. मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन ओढून नेण्याचा आदेश अधिनियमाच्या कलम १२७ खाली त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकारी देऊ शकतो, आणि ओढून नेण्याचा खर्च मालकाकडून वसूल होतो. ग्रामपंचायत हद्दीतील सार्वजनिक रस्त्यांवरील अडथळे दूर करण्याचे अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने पंचायतीस दिलेले आहेत. शाळेसमोरील पदपथाबाबत मुख्याध्यापकांनी तोंडी तक्रारीवर न थांबता पंचायतीकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी; पुढे भरपाईचा वाद उद्भवल्यास वाट आधीपासून अडविली जात होती, याचा तो पुरावा होतो.