डुकरं, बेकन आणि सरकार: डेन्मार्कने नेमकं काय केलं?

'वराहपालन करा, निम्मं अनुदान मिळवा' असं सांगणारी रील तुम्हीही पाहिली असेल. योजना खरी आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात डुकरांच्या पैदास फार्मसाठी ५० टक्के भांडवली अनुदान मिळतं, जास्तीत जास्त ३० लाख रुपये. पण शेड बांधलं, पिल्लं वाढली, पुढे काय? माल विकायचा कुठे?

याचं उत्तर शोधायला आज आपण डेन्मार्कला जाऊया. छोटासा देश, पण ब्रिटिश माणसाच्या नाश्त्यातलं बेकन म्हटलं की याचंच नाव.

सुरुवात संकटातून झाली. १८६४ मध्ये डेन्मार्क युद्ध हरला आणि दक्षिणेकडचा मोठा प्रदेश गेला. पुढच्या दशकात अमेरिका आणि रशियातून स्वस्त धान्य युरोपात येऊ लागलं, भाव पडले. मग शेतकरी धान्य विकण्याऐवजी ते जनावरांना घालू लागले. १८८२ पासून सहकारी डेअऱ्या निघाल्या. लोणी विकायचं, आणि लोणी काढून उरलेलं दूध डुकरांना पाजायचं. वाया काही जात नव्हतं.

डुकरं जिवंतच जर्मनीला जायची. १८८७ मध्ये रोगाचं कारण देऊन जर्मनीने दार बंद केलं. झालं! एका फटक्यात गिऱ्हाईक गायब.

त्याच वर्षी हॉर्सेन्स गावात शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी बेकन कारखाना काढला. आपल्याकडचा सहकारी साखर कारखाना आठवा, साधारण तसंच. पाच डुकरं असोत की पन्नास, मत एकच. नफा मात्र घातलेल्या मालाप्रमाणे. आणि एक कडक अट: ठरलेली वर्षं आपली डुकरं याच कारखान्याला द्यायची. बाहेरचा व्यापारी दोन पैसे जास्त देतो म्हणून तिकडे पळायचं नाही.

मग सरकारने काय केलं? कारखाने शेतकऱ्यांचेच राहिले. सरकारने एकट्या शेतकऱ्याला न झेपणारी कामं उचलली. पश्चिम किनाऱ्यावर एस्ब्येर्ग बंदर बांधायचा कायदा १८६८ मध्येच झाला होता. तिथून माल थेट इंग्लंडला जाऊ लागला. कोपनहेगनच्या कृषी महाविद्यालयात डुकरांच्या खाद्यावर प्रयोग झाले. पैदास केंद्रांना मदत मिळाली. इंग्रजांना लांब अंगाचं, कमी चरबीचं डुक्कर हवं होतं. देशी लँडरेस जात निवडून निवडून तशी घडवली गेली.

१९०७ पासून तर चाचणी केंद्रंच आली. एका वेतातली चार पिल्लं तिथे पाठवायची. सगळ्यांना सारखं खाद्य. किती खाल्लं, वजन किती वाढलं, मांस कसं निघालं, सगळं मोजायचं. म्हणजे कुठल्या नर-मादीची पुढे पैदास करायची, हे अंदाजाने नाही, आकड्याने ठरायचं.

पण सगळं गोडच होतं असं नाही हं. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलं की काय होतं, तेही दिसलं. १९३० च्या दशकात मंदी आली आणि ब्रिटनने बाहेरून येणाऱ्या बेकनवर मर्यादा घातली. डेन्मार्कच्या सरकारला डुकरांची संख्याच आवरावी लागली. शेतकऱ्यांना कार्डं वाटली: तुमची इतकीच डुकरं पूर्ण भावाने घेऊ.

आता परत आपल्याकडे. अनुदानातून शेड उभं राहतं, गिऱ्हाईक उभं राहत नाही. २०२० पासून भारतात आफ्रिकन स्वाइन फीव्हरही आलाय. त्यावर औषध नाही. ईशान्येत लोकांची अख्खी डुकरं गेली. म्हणून फॉर्म भरण्याआधी चार गोष्टी विचारा. जवळचा परवानाधारक कत्तलखाना किती लांब? चांगल्या जातीची पिल्लं कुठून? रोग आला तर डॉक्टर किती वेळात पोचेल? आणि आसपास आणखी दहाजण एकत्र यायला तयार आहेत का? शेवटच्या प्रश्नाला 'नाही' उत्तर आलं, तर थोडं थांबा. डेन्मार्कमध्ये सुरुवात तिथूनच झाली होती.

भेटू पुढच्या भागात!