चिखलांतलें पादत्राण

‘वहाण’ हा आपला घरगुती शब्द संस्कृतांतील ‘उपानह्’ या शब्दापासून आलेला आहे. ‘नह्’ म्हणजे बांधणें. पायाशीं जी बांधिली जाते ती उपानह्. तिच्या उत्पत्तीची एक कथा महाभारताच्या अनुशासनपर्वांत आहे. जमदग्नि ऋषि बाण सोडीत आणि रेणुका ते वेंचून आणून देई. मध्यान्हीं सूर्य माथ्यावर आला. तिचें मस्तक व पाय भाजूं लागले, म्हणून ती झाडाच्या सावलींत क्षणभर थांबली व तिला परतण्यास उशीर झाला. कारण ऐकून ऋषि सूर्यावरच कोपले. तेव्हां सूर्य शरण आला आणि त्यानें एक छत्र व पादत्राणांचा एक जोड त्यांस अर्पण केला.

या कथेंतील एक बारकावा सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पादत्राण निर्माण झालें तें बाण सोडणाऱ्यासाठीं नव्हे, तर ते वेंचून आणणारीसाठीं. ज्याचे पाय राबतात त्याच्या पायांची चिंता काम सांगणाऱ्यानें वाहिली पाहिजे, हा त्यांतला अर्थ. प्रस्तुत लेखाचा विषय साधा आहे : चिखलांत काम करणाऱ्यासाठीं टिकाऊ व किफायतशीर गमबूट कसा निवडावा. परंतु हा अर्थ ध्यानांत ठेवल्यावांचून त्या प्रश्नाचें खरें उत्तर सांपडत नाहीं.

आपल्यापैकीं पुष्कळांचीं घरें शहरांत असलीं तरी कोंकणांत, मावळांत किंवा गोमंतकांत थोडी भातजमीन, एखादें आगर, एखादा गोठा असतोच. पावसाळा तोंडावर आला कीं मुलांचे रेनकोट, छत्र्या, शाळेचे बूट यांची यादी होते. गड्याचा गमबूट त्या यादींत बहुधा शेवटीं येतो, आणि आला तर ‘स्वस्तांतला पाहून आणा’ एवढ्या सूचनेसह येतो.

प्रथम या वस्तूचा थोडा इतिहास पाहूं. गमबुटाचें इंग्रजी नांव ‘वेलिंग्टन’, आणि त्या नांवाचा आपल्या भूमीशीं संबंध आहे. ज्या आर्थर वेलस्लीनें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं, आज जालना जिल्ह्यांत असलेल्या असई गांवीं शिंदे-भोसल्यांच्या सैन्यावर जय मिळविला, तोच पुढें १८१४ मध्यें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. लंडनच्या होबी नांवाच्या पादत्राणकाराकडून त्यानें जुन्या लष्करी बुटाचे गोंडे काढवून, पायास नीट बसेल असा मऊ कातड्याचा बूट करवून घेतला. त्यास त्याचेंच नांव पडलें. तो बूट घोडेस्वाराचा होता, शेतकऱ्याचा नव्हता.

तो शेतकऱ्याचा झाला रबरामुळें. कच्चें रबर उन्हांत चिकट होतें व थंडींत कडक पडतें. गंधक व उष्णता यांच्या योगानें तो दोष घालविण्याच्या कृतीचें अमेरिकन पेटंट चार्ल्स गुडइयर यानें १८४४ मध्यें घेतलें. १८५३ मध्यें हायरम हचिन्सन यानें फ्रान्समध्यें रबरी बुटांचा कारखाना काढला, आणि लांकडी खडावा घालून शेतांत जाणाऱ्या तेथील शेतकऱ्यांचे पाय प्रथमच कोरडे राहूं लागले. १८५६ मध्यें एडिंबरो येथें तसाच कारखाना निघाला. पहिल्या महायुद्धांत खंदकांच्या चिखलांत सैनिकांचे पाय सडूं लागले तेव्हां त्या कारखान्यानें दहा लाखांहून अधिक जोड पुरविले. ‘गम’ म्हणजे झाडाचा चीक. गाईच्या गोठ्यांत कातडें घालून जाऊं नये असें मानणाऱ्या जुन्या माणसांनाहि या बुटास हरकत घेण्याचें कारण उरत नाहीं.

आतां प्रयोजन. चिखलांतून हिंडणाऱ्याच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, हें कोणासहि सांगावयास नको. परंतु त्याहून मोठें संकट लेप्टोस्पायरोसिस या रोगाचें आहे. त्याच्या उग्र स्वरूपाचें वर्णन जर्मन वैद्य ॲडॉल्फ वाइल यांनीं १८८६ मध्यें केलें आणि त्याचे जंतु १९१५ मध्यें जपानांत इनाडा व इडो यांनीं शोधून काढिले. उंदीर, घुशी व गुरें यांच्या मूत्रांतून हे जंतु पाण्यांत व चिखलांत उतरतात आणि पायावरील खरचटीवाटे किंवा भिजून मऊ झालेल्या कातडीवाटे शरीरांत शिरतात. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेंत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या पुरानंतर शहरांत या रोगाची सांथ पसरली. कोंकणांतील व गोमंतकांतील भातशेतीच्या भागांत तर तो पावसाळ्याचा नेहमींचा पाहुणा होऊन बसला आहे. शिवाय फुरसें व घोणस हीं दोन विषारी जनावरें बांधाच्या गवतांत असतात, आणि सर्पदंश बहुतेक पायावरच होतो. गुडघ्यापर्यंतचा जाड बूट हीं सर्व संकटें नाहींशीं करितो असें नव्हे. पण त्यांचा संभव पुष्कळ कमी करितो.

बाजारांत मुख्यतः दोन जातींचे गमबूट मिळतात. पहिला नैसर्गिक रबराचा. तो सांच्यावर रबराचे पापुद्रे एकावर एक चढवून व नंतर भाजून तयार करितात. तो मऊ, लवचीक व पायास सुखकर असतो. फाटला तर सायकलच्या दुकानांत ट्यूबसारखें ठिगळ लावून घेतां येतें. परंतु तेल, डिझेल, रॉकेल व कडक ऊन हे त्याचे शत्रु होत. दुसरा पी. व्ही. सी. म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचा. तो सांच्यांत ओतून एकसंध काढितात, म्हणून स्वस्त पडतो. शेण, मूत्र व तेल यांना तो रबरापेक्षां चांगला टिकतो. पण तो जड व ताठ असतो, घोट्यापाशीं वांकण्याच्या जागीं चिरतो, आणि एकदां चिरला कीं सायकलवाल्याचें ठिगळ त्यावर धरत नाहीं. सारांश, गोठ्यांत व यंत्राजवळ काम करणाऱ्यास पी. व्ही. सी. चालेल, ज्याला दिवसभर आगरांत, बांधावर, चढउतारावर चालावयाचें आहे त्याला रबर बरें.

दुकानांत गेल्यावर पुढील गोष्टी पाहाव्या. बूट हातांत घेऊन चवड्यापाशीं व घोट्यापाशीं पुरता वांकवावा; घडीवर पांढरी रेघ किंवा बारीक भेग दिसल्यास तो परत ठेवावा. मात्र रबरी बुटाच्या अंगावर पसरलेली पिठासारखी पांढरी झांक हा दोष नव्हे. आंतील मेण किंवा गंधक वर येऊन ती पडते व पुसल्यानें जाते. मग बूट उलटा करावा. तळाच्या खांचा खोल व एकमेकींपासून दूर असाव्या, आणि कडेस मोकळ्या सुटाव्या, म्हणजे चिखल आपोआप गळून पडतो. बारीक नक्षीचा तळ दिसण्यांत छान, पण दहा पावलांत चिखलानें भरून गुळगुळीत होतो. तळ व वरचा भाग यांचा सांधा बोटानें चाचपावा. बूट बहुधा तेथेंच उघडतो. आंत कापडी अस्तर असावें. नुसतें रबर घामानें पायास चिकटतें व सालें काढितें. रबर गोदामांत पडूनहि म्हातारें होतें, म्हणून बनावटीचा महिना व वर्ष वाचावें. भारतीय मानकाची खूण पाहावी : रबरी बुटासाठीं आय. एस. ५५५७ व पी. व्ही. सी. बुटासाठीं आय. एस. १२२५४.

माप ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत उपेक्षित गोष्ट. अनवाणी चालणाऱ्याचा पाय पंजाशीं रुंद असतो, आणि सायंकाळीं तो थोडा सुजलेला असतो. म्हणून बूट सायंकाळीं, मोजे घालून, ज्याचा त्यानें पाहावा. टांचेमागें एक बोट शिरावें, परंतु चालतांना टांच वर उचलली जाऊं नये. सैल बूट चिखलांतच राहतो आणि पाय तेवढा बाहेर येतो! कित्येक घरीं सर्व गड्यांत मिळून एकच जोड पडवींत ठेविलेला असतो. तो कोणाच्याच मापाचा नसतो, आणि एकाच्या चिखल्या दुसऱ्यास देण्याचें काम मात्र चोख बजावतो. दुसरें असें कीं, लावणीचें व गोठ्याचें काम बहुतांशीं स्त्रिया करितात, पण दुकानांत मांडलेलीं मापें बहुधा पुरुषांचीं असतात. लहान मापाचा जोड दुकानदाराकडून मुद्दाम मागवून घ्यावा.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चिखलणी केलेल्या खोल खाचरांत साधा गमबूट कामाचा नाहीं. आमच्या गांवीं एका जुन्या गड्याला मीं याविषयीं विचारिलें, तेव्हां तो म्हणाला, “गुरुजी, बांदावर बरा वाटता, पन खाचरात पाय निघत नाय.” त्याचें म्हणणें अक्षरशः खरें आहे, चिखल बुटाला ओढून धरितो. जपानांत यासाठीं पातळ, मऊ रबराचे, घोट्याशीं व पोटरीशीं घट्ट बसणारे निराळे बूट लावणीच्या वेळीं घालतात. त्याच देशांत कुरुमे गांवच्या इशिबाशी बंधूंनीं १९२३ च्या सुमारास मजुरांसाठीं रबरी तळाचे, अंगठा वेगळा असलेले कापडी बूट बाजारांत आणिले. त्यांपैकीं शोजिरो इशिबाशी यांनींच पुढें १९३१ मध्यें ब्रिजस्टोन हा टायरचा प्रसिद्ध कारखाना काढिला. एवढ्या मोठ्या उद्योगाचें मूळ मजुराच्या पायाच्या काळजींत होतें, हें मनन करण्याजोगें आहे. तसे बूट मिळेपर्यंत लावणीस उतरणाऱ्यांनीं पायाची जखम पाणी न शिरणाऱ्या पट्टीनें झांकावी, घरीं येतांच साबणानें पाय धुऊन बोटांची बेचकीं कोरडीं करावीं. ताप, डोकेदुखी किंवा पोटऱ्यांत वेदना सुरू झाल्यास डॉक्टरांस ‘मी चिखलांत काम करितों’ हें आधीं सांगावें. लावणीच्या हंगामांत प्रतिबंधक औषध घ्यावें कीं नाहीं हेंहि त्यांसच विचारावें.

आतां किंमतीचा हिशेब. तो शाळेंतल्या त्रैराशिकापेक्षां अवघड नाहीं. समजा, एक जोड ४०० रुपयांस मिळाला आणि एका पावसाळ्यांत फुटला. दुसरा ९०० रुपयांचा, पण तीन पावसाळे टिकला. पहिल्याचा दर पावसाळ्यास ४०० रुपये खर्च आला, दुसऱ्याचा ३००. म्हणजे जो महाग दिसला तोच स्वस्त ठरला. यांत फुटक्या बुटानें भिजलेल्या पायाचें दुखणें, बुडालेली मजुरी आणि औषधाचा खर्च अजून धरलेला नाहीं. तो धरला तर पहिल्या बुटाची खरी किंमत मालकाच्या वहींत नव्हे, गड्याच्या घरांत चुकती होत असते. स्वस्त वस्तूचा उरलेला पैसा कोणीतरी भरीतच असतो. तो कोण भरितो एवढेंच आपण पाहात नाहीं.

चांगला बूट घेतला तरी निगा नसेल तर तो वर्षभरांत जाईल. काम संपतांच साध्या पाण्यानें चिखल व शेण धुवावें. चकाकी यावी म्हणून खोबरेल चोळण्याची कित्येकांस संवय असते. तेलानें रबर फुगतें व मऊ पडून झिजतें, म्हणून ती मोडावी. बूट चुलीजवळ किंवा उन्हांत वाळवूं नये. आंत वर्तमानपत्राचे बोळे भरून, मग सावलींत खुंट्यांवर उलटे टांगावे. घडी घालून कोंबूं नये. पंपाच्या चालू मोटारीशेजारीं ठेवूं नये, कारण तेथें उत्पन्न होणाऱ्या ओझोन वायूनें रबरास भेगा पडतात. तसेंच, रबर पायांत आहे म्हणून ओल्या हातानें विजेच्या तारांस हात लावण्याचें धाडस कोणी करूं नये. साधा गमबूट त्यासाठीं बनविलेला नसतो. बुटांत वरून पाणी शिरलें तर तो तत्काळ काढून ओतावा. पाण्यानें भरलेला बूट अनवाणी पायापेक्षां वाईट. आणि सकाळीं पायांत घालण्यापूर्वीं तो उलटा करून आपटावा. विंचू, गोम यांस अंधारी ऊबदार जागा फार आवडते.

जमदग्नीच्या कथेच्या शेवटीं, छत्र व पादत्राण यांचें दान श्रेष्ठ होय असें फल सांगितलें आहे. परंतु गड्याला दिलेला बूट हें दान नव्हे. तें त्याच्या श्रमाचें देणें आहे. दानांत हात आंखडला तरी चालतो, देण्यांत चालत नाहीं. म्हणून वाचकबंधुभगिनींस एवढीच विनंति कीं, येत्या मृगापूर्वीं घरच्या खरेदीची यादी कराल तेव्हां आपल्या शेतांत व गोठ्यांत राबणाऱ्या प्रत्येकाच्या पायाचें माप त्या यादींत सर्वांत वर लिहावें. पुरुषांचें लिहावें तसेंच स्त्रियांचेंहि लिहावें. मग खालचीं नांवें आपोआप जागच्या जागीं बसतील.