घुबड बघत नाही, ऐकतंय!

तानसाच्या जंगलात २०१४ मध्ये रानपिंगळा सापडला. १८८४ नंतर थेट १९९७ मध्ये पुन्हा दिसलेलं हे दुर्मीळ घुबड! त्याच्यासाठी पक्षीप्रेमी कॅमेरे घेऊन येतात. पण घराच्या माळ्यावर गव्हाणी घुबड दिसलं की? "अपशकुनी आहे, हाकला!" मग हातात दगड.

त्यात ते मान वळवून एकटक बघतं, म्हणून भीती जास्त. खरं तर त्याचे डोळे खोबणीत फिरतच नाहीत, म्हणून अख्खी मान फिरते. आणि बऱ्याचदा ते बघत नसतंच, ऐकत असतं.

गव्हाणी घुबड मिट्ट काळोखातही नुसत्या आवाजावर उंदीर पकडतं. उंदीर उजवीकडे खुडबुडला, की आवाज उजव्या कानात किंचित आधी पोचतो. हा फरक सेकंदाच्या लाखाव्या भागात मोजावा इतका बारीक! एक कान वर, एक खाली असल्याने आवाजाची उंचीही कळते. १९७८ मध्ये एरिक नुडसन आणि मासाकाझू कोनिशी यांनी दाखवलं, की या घुबडाच्या मेंदूत आवाजांचा चक्क नकाशा असतो. ठरावीक दिशेच्या आवाजाला ठरावीक पेशी जाग्या होतात, आणि मान बरोब्बर तिकडे वळते.

शहापूर-मुरबाडमध्ये उंदीर भाताची किती नासाडी करतात, हे घरी विचारून बघा. मग ठरवा, माळ्यावरचा तो पाहुणा अपशकुनी, की बिनपगारी राखणदार?